सेकंड हाफचा भाव काय?

मित्रांनो, आणि हे पान उघडलंच असेल तर सर आणि मॅडम, सुरुवात एका प्रश्नाने करतो. गुण पाच, वेळ दोन मिनिटे, कॅल्क्युलेटर चालेल.

तारीख २७ नोव्हेंबर १९९६. अमेरिकेतलं सॉल्ट लेक सिटी. एनबीएची बास्केटबॉल मॅच. हाफटाइमला पाहुणी टीम डेन्व्हर नगेट्स ७० आणि घरची टीम यूटा जॅझ ३६. समजा, या क्षणी तुम्हाला दोन पावत्या विकत मिळतात. पहिलीवर लिहिलंय, ‘यूटा मॅच जिंकेल’. दुसरीवर लिहिलंय, ‘यूटा सेकंड हाफ जिंकेल’, म्हणजे फक्त पुढच्या चोवीस मिनिटांत यूटाचे पॉइंट्स डेन्व्हरपेक्षा जास्त होतील. पावती खरी ठरली तर एक डॉलर मिळणार, खोटी ठरली तर शून्य. प्रत्येक पावतीला तुम्ही जास्तीत जास्त किती सेंट द्याल?

हा प्रश्न मी आमच्या विंगमध्ये फिरवला. पहिल्या पावतीला सगळ्यांनी एक-दोन सेंट सांगितले, ते ठीक आहे. पण दुसऱ्या पावतीलासुद्धा बहुतेकांचं उत्तर दहा ते वीस सेंट! ‘अरे, जी टीम चौतीस पॉइंट्सनी मार खातेय ती सेकंड हाफ काय कपाळ जिंकणार?’ एक जण मात्र उलट म्हणाला, ‘ऐंशी दे. एवढा मार खाल्लाय म्हणजे आता उट्टं काढणारच.’ दोन्ही उत्तरं चूक आहेत, आणि दोन्ही एकाच कारणाने चूक आहेत.

मॅचमध्ये काय झालं ते आधी सांगून टाकतो. यूटाने मॅच १०७-१०३ अशी जिंकली. वजाबाकी करा: सेकंड हाफमध्ये यूटा ७१, डेन्व्हर ३३. (त्या मॅचमध्ये यूटा एका वेळी ३६ पॉइंट्सनी मागे होती. एनबीएच्या इतिहासात इतक्या मागून येऊन जिंकलेली दुसरी टीम नाही.) पण म्हणून ‘बघा, शंभर सेंट द्यायला हवे होते’ असं म्हणायचं नाही. एका मॅचच्या रिझल्टवरून भाव बरोबर होता की चूक हे कळत नसतं. भाव ठरवायचा तो हाफटाइमला, पुढचं काही माहीत नसताना. तो कसा ठरवायचा, हाच या लेखाचा विषय.

१९९६ साली असल्या पावत्यांचा बाजार नव्हता. आज आहे. त्याला प्रेडिक्शन मार्केट म्हणतात. मराठीत ‘अंदाजांचा बाजार’ म्हणू या. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने १९८८ मध्ये अभ्यासासाठी निवडणुकीच्या निकालावर असा बाजार चालू केला. ‘काल्शी’ नावाच्या एक्स्चेंजला तिथल्या कमोडिटी फ्युचर्स ट्रेडिंग कमिशनने २०२० मध्ये परवानगी दिली, २०२१ मध्ये व्यवहार सुरू झाले आणि २०२५ च्या जानेवारीपासून तिथे खेळांवरचे काँट्रॅक्ट आले. यावर अमेरिकेतच भांडण आहे. नेवाडा, न्यू जर्सी अशा राज्यांनी २०२५ मध्ये ‘हे ट्रेडिंग नव्हे, हा जुगार आहे आणि तो आमच्या लायसन्सशिवाय चाललाय’ असा आक्षेप घेतला आणि प्रकरण कोर्टात गेलं.

बाजाराची रचना मात्र सुंदर आहे, इंजिनिअरला आवडेल अशी. समजा ‘बॉस्टन सेकंड हाफ जिंकेल’ या काँट्रॅक्टचा भाव ५८ सेंट आहे. ‘हो’ म्हणणारा ५८ भरतो, ‘नाही’ म्हणणारा ४२. झाले शंभर. हा डॉलर एक्स्चेंजकडे पडून राहतो आणि निकाल लागल्यावर ज्याचं बरोबर, त्याला पूर्ण मिळतो. इथे समोर बुकी नसतो. समोर तुमच्यासारखाच (किंवा तुमच्यापेक्षा बराच हुशार) दुसरा माणूस असतो. आणि ५८ हा आकडा म्हणजे बाजाराच्या मते बॉस्टन सेकंड हाफ जिंकण्याची प्रॉबेबिलिटी, ५८ टक्के. काँट्रॅक्ट मधेच विकूनही टाकता येतो. एक्स्चेंजला कोण जिंकलं याच्याशी देणंघेणं नाही, त्याला त्याची दलाली मिळाली की झालं.

लांबच्या आकड्यावर पैसे लावणं आपल्या मुंबईला काही नवीन नाही बरं का! न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईला यायचे आणि त्यावर आकडा लागायचा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद झालं, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले आणि त्याचं नाव पडलं मटका. फरक एवढाच, की मटक्यात विचार करण्यासारखं काहीच नसतं. बास्केटबॉलमध्ये आहे, पण वाटतं त्यापेक्षा खूप कमी. ते आता मोजू.

बास्केटबॉलमध्ये बॉल एकदा या टीमकडे, एकदा त्या टीमकडे. एका टीमच्या अशा एका पाळीला पझेशन म्हणतात. एनबीएमध्ये एका मॅचला प्रत्येक टीमला ढोबळमानाने शंभर पझेशन मिळतात, म्हणजे एका हाफमध्ये दोन्ही टीम्सची मिळून शंभर. आता एका पझेशनमध्ये काय होऊ शकतं? ढोबळ धरा: शंभरपैकी ५० वेळा शून्य, ४ वेळा एक पॉइंट, ३३ वेळा दोन, १३ वेळा तीन. सरासरी काढा: १.०९. व्हेरिअन्स काढा: १.३४. स्टँडर्ड डेव्हिएशन: साधारण १.१६. एम-थ्रीमध्ये शिकलोच आहोत, की स्वतंत्र गोष्टींची बेरीज केली तर व्हेरिअन्स बेरजेत जातो. म्हणून शंभर पझेशनचा स्टँडर्ड डेव्हिएशन १.१६ गुणिले √१००, म्हणजे ११.६ पॉइंट्स.

हे आपलं घरगुती गणित झालं. आता पुस्तकी घ्या. हॅल स्टर्न या स्टॅटिस्टिक्सच्या प्राध्यापकाने १९९४ मध्ये एक पेपर लिहिला. १९९२ मधल्या ४९३ एनबीए मॅचेस घेऊन त्याने स्कोअरमधला फरक ब्राउनियन मोशनसारखा हलतो असं धरलं. (हो, तेच परागकणांचं. फिजिक्सच्या लॅबमध्ये दिसत नाही, पण बास्केटबॉलमध्ये दिसतं!) त्याला पूर्ण मॅचसाठी मिळालेले आकडे असे: घरची टीम सरासरी ४.८७ पॉइंट्सनी पुढे, स्टँडर्ड डेव्हिएशन १५.८२. अर्ध्या मॅचसाठी सरासरीला २ ने भागा आणि डेव्हिएशनला √२ ने. उत्तर २.४३५ आणि ११.१९. आपले ११.६ आणि त्याचे ११.१९! होस्टेलच्या खाटेवर बसून काढलेल्या आकड्याला हे काही वाईट नाही.

आता सॉल्ट लेक सिटीला चला. पहिली पावती, मॅच जिंकण्याची. यूटा ३४ ने मागे, म्हणून (−३४ + २.४३५) ÷ ११.१९ = −२.८२. नॉर्मल टेबलमध्ये बघा: ०.००२४. पाव सेंट! काल्शीसारख्या ठिकाणी भाव एका सेंटच्या खाली सहसा जात नाही, म्हणजे एका सेंटलासुद्धा ही पावती महागच.

दुसरी पावती, फक्त सेकंड हाफची. इथे स्कोअर परत शून्य-शून्य. ३४ चा संबंधच नाही. २.४३५ ÷ ११.१९ = ०.२२, टेबलमध्ये सुमारे ०.५९. म्हणजे ५९ सेंट. शिवाय त्या सीझनमध्ये यूटाने ८२ पैकी ६४ मॅचेस जिंकल्या आणि डेन्व्हरने फक्त २१. हे धरलं तर साठाच्या वरच. दहा सेंट म्हणणारा पहिल्या हाफचा स्कोअर दुसऱ्या हाफमध्ये ओढून नेत होता, आणि ऐंशी म्हणणारा तोच स्कोअर उलटा करून नेत होता. सेकंड हाफच्या काँट्रॅक्टला मॅचच्या स्कोअरबोर्डची स्मरणशक्ती जवळजवळ नसते.

‘जवळजवळ’ म्हटलं, कारण थोडी असते. टीम खूप पुढे असली, की कोच मुख्य खेळाडूंना बाकावर बसवतो आणि शेवटची आठ-दहा मिनिटं राखीव खेळाडू खेळतात. त्याला तिकडे गार्बेज टाइम म्हणतात. पुढची टीम मॅच आरामात जिंकते, पण सेकंड हाफ हरते. कोणाच्या किती फाउल्स झाल्या हेही बघायचं (एनबीएत सहाव्या फाउलला बाहेर, अमेरिकन कॉलेजमध्ये पाचव्या). बर्गर आणि पोप या दोघांनी २०११ मध्ये अठरा हजारांहून जास्त एनबीए मॅचेस तपासून असं दाखवलं होतं, की हाफटाइमला एका पॉइंटने मागे असलेली टीम उलट जास्त वेळा जिंकते. मोटिव्हेशन वगैरे! कॉर्पोरेट ट्रेनिंगवाल्यांना हे फार आवडलं. नंतर दुसऱ्यांनी जास्त मॅचेस आणि इतर खेळ घेऊन बघितलं, तर तो परिणाम म्हणावा तसा टिकला नाही. अशा गोष्टींवर पैसे लावणं मला तरी पटत नाही. आणि स्टर्नचे आकडे १९९२ चे आहेत, हेही लक्षात ठेवा. घरच्या मैदानाचा फायदा एनबीएमध्ये तेव्हापासून बराच कमी झाला आहे, म्हणून आजच्या मॅचला ४.८७ जसेच्या तसे वापरू नका.

यातली खरी गोम √२ मध्ये आहे, तिथे जरा थांबू. मॅच अर्धी केली की चांगल्या टीमचा फायदा निम्मा होतो, पण नशिबाचा गोंधळ निम्मा होत नाही, तो फक्त ७१ टक्क्यांवर येतो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना सांगायला नको: सिग्नल-टू-नॉइज रेशो पडला. एखादी टीम पूर्ण मॅचला ४ पॉइंट्सनी सरस असेल तर मॅच जिंकायची तिची प्रॉबेबिलिटी ६० टक्के, पण नुसता सेकंड हाफ जिंकायची ५७. एका क्वार्टरची त्याहून कमी. तुकडा जेवढा लहान, तेवढा तो छापा-काट्याच्या जवळ. आणि लोकांना मात्र लहान तुकडाच सोपा वाटतो, कारण पहिला हाफ त्यांनी आत्ताच डोळ्यांनी पाहिलेला असतो!

बरं, ५७ तर ५७. छापा-काट्यापेक्षा जास्तच आहे ना? इथे दलाली आडवी येते.

काल्शीने जाहीर केलेलं २०२५ मधलं सर्वसाधारण सूत्र असं: एका काँट्रॅक्टला दलाली = ०.०७ × भाव × (१ − भाव). ग्राफ काढून बघा, पॅराबोला येतो आणि त्याचं शिखर बरोबर ५० सेंटवर. म्हणजे जिथे निकाल सर्वांत अनिश्चित, तिथेच दलाली सर्वांत जास्त, पावणेदोन सेंट. आणि सेकंड हाफचे बहुतेक काँट्रॅक्ट तर पन्नाशीच्या आसपासच घुटमळतात. शिवाय घ्यायचा भाव आणि विकायचा भाव यांत फट असते. पूर्ण मॅचच्या काँट्रॅक्टला गर्दी असते म्हणून फट लहान, सेकंड हाफला माणसं कमी म्हणून फट मोठी. समजा विकायला गेलात तर ४८ मिळतात आणि घ्यायला गेलात तर ५२ लागतात. ५२ ला घेतला, वर पावणेदोन दलाली, झाले ५३.७५. म्हणजे शंभरात जवळजवळ ५४ वेळा बरोबर आलात तर तुमचे फक्त पैसे परत. मधेच घाबरून त्याच भावाला विकलात तर चार सेंटची फट आणि दोन्ही बाजूंची दलाली मिळून साडेसात सेंट हवेत!

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. मागच्या वर्षी आमच्या विंगमधल्या एकाने एका ॲपवर क्रिकेटच्या ‘हो की नाही’मध्ये दोन महिन्यांचे मेसचे पैसे घातले. आम्ही तिघांनी बसून त्याची सगळी हिस्टरी कागदावर उतरवली. निम्म्याहून थोडे जास्तच अंदाज बरोबर होते त्याचे! तो शेवटपर्यंत म्हणत होता, ‘भावा, माझं जजमेंट चुकत नाही.’ खरंच होतं ते. जजमेंट फारसं चुकलं नव्हतं, पैसे फटीतून आणि दलालीतून गेले होते. पुढचे कित्येक दिवस तो आमच्या ताटात जेवला. घरी अजून माहीत नाही.

मग नफा होण्यासाठी किती हुशारी लागते? बेल लॅब्समधल्या जॉन केलीने १९५६ मध्ये शॅननच्या इन्फर्मेशन थिअरीतून एक सूत्र काढलं. जवळच्या पैशांपैकी किती हिस्सा लावावा: (तुमची प्रॉबेबिलिटी − खर्च) ÷ (१ − खर्च). उदाहरण घ्या. भाव ५४, दलाली धरून खर्च ५५.७४ सेंट, आणि तुमच्या मते खरी प्रॉबेबिलिटी ५७. उत्तर ०.०२८. म्हणजे हजार रुपये असतील तर २८ रुपये लावा. अठ्ठावीस! आणि खरी प्रॉबेबिलिटी ५५ असेल तर उत्तर निगेटिव्ह, म्हणजे लावूच नका.

आता मला सांगा, ‘मी ५७ वाला आहे की ५५ वाला’ हे कळायला किती मॅचेस लागतील? अंदाज बरोबर येण्याच्या प्रमाणातला स्टँडर्ड एरर साधारण ०.५ ÷ √मॅचेस. दोन टक्क्यांचा फरक दोन सिग्माने ओळखायचा तर तो एरर ०.०१ वर आणावा लागेल, म्हणजे मॅचेस हव्यात २५००. एनबीएच्या एका सीझनमध्ये सगळ्या टीम्सच्या मिळून १२३० मॅचेस होतात. दोन पूर्ण सीझन, एकही मॅच न चुकवता! तोपर्यंत आपली डिग्री हातात आलेली असेल (किंवा नसेल). ज्यांच्याकडे प्रत्येक पझेशनचा डेटा आणि तो चाळायला कॉम्प्युटर आहेत त्यांना हे जमतं, आणि ५२ ला विकायला समोर बसलेला बहुधा तोच असतो. आपल्याकडे इंटरनेटवर मॅच काही सेकंद उशिरा दिसते, त्याच्याकडे आकडे आधी पोचतात. हाफटाइमची पंधरा मिनिटं तेवढी दोघांना सारखी, पण त्या वेळी ड्रेसिंग रूममध्ये कोणाचा घोटा सुजलाय हे काही जणांना आधी माहीत असतं. ही कल्पनेतली भीती नाही. टोरांटोच्या जॉन्टे पोर्टरने आतली माहिती पैसे लावणाऱ्यांना दिली आणि दुखापतीचं कारण सांगून स्वतः लवकर बाहेर पडला, म्हणून एनबीएने २०२४ मध्ये त्याच्यावर आजन्म बंदी घातली. पूर्ण मॅच फिरवणं अवघड. एका खेळाडूचा, एका तुकड्याचा आकडा फिरवायला एक माणूस पुरतो.

कायद्याचं थोडक्यात. आपल्याकडे सेबीने २०२५ च्या एप्रिलमध्ये सांगितलं, की असले ‘ओपिनियन ट्रेडिंग’चे प्लॅटफॉर्म आमच्या अखत्यारीत येत नाहीत, तिथे गुंतवणूकदाराला मिळणारं कुठलंही संरक्षण तुम्हाला मिळणार नाही. मग ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. त्यात शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. पण कोणी व्हीपीएन लावून परदेशी बाजारात शिरायच्या गोष्टी करत असेल, तर त्याला विचारा: पैसे अडकले तर तक्रार कुठे करणार?

आता प्रॅक्टिकल. पैसे न लावतासुद्धा आपला अंदाज किती चांगला आहे हे मोजता येतं, आणि जास्त नीट मोजता येतं. ग्लेन ब्रायर नावाच्या हवामानवाल्याने १९५० मध्ये पावसाचे अंदाज तपासायला एक पद्धत सांगितली. तुम्ही सांगितलेली प्रॉबेबिलिटी वजा निकाल (झालं तर १, नाही तर ०), त्याचा वर्ग, आणि सगळ्यांची सरासरी. आकडा जितका कमी तितकं चांगलं. डोळे मिटून दर वेळी ‘५० टक्के’ सांगणाऱ्याला ०.२५ मिळतात. समजा तुम्ही ७० टक्के सांगितलं आणि बरोबर आलं तर ०.०९, चुकलं तर ०.४९. जोरात बोलून चुकणाऱ्याला ही पद्धत चांगलीच झोडते. सेकंड हाफसाठी तर नेहमी ५५ ते ६० च्या पलीकडे जायचं धाडस का करू नये, हे दहा-बारा मॅचेसमध्ये आपोआप कळतं.

थंडीच्या दिवसांत अमेरिकेतली संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होते आणि हाफटाइम पावणेसातच्या सुमारास येतो, म्हणजे बाथरूमच्या रांगेत उभं राहूनसुद्धा अंदाज सांगता येतो. बी विंगच्या कॉमन रूममध्ये टीव्हीखाली एक लाल वही ठेवली आहे. कॉलम पाच: तारीख, मॅच, तुमचं नाव, हाफटाइमला सांगितलेली प्रॉबेबिलिटी, निकाल. सेकंड हाफ म्हणजे तिसरा आणि चौथा क्वार्टर, ओव्हरटाइम धरायचा नाही, बरोबरी झाली तर ती मॅच खोडायची. एकदा लिहिलेली प्रॉबेबिलिटी बदलता येणार नाही. अजून तरी ०.२५ च्या फार खाली कोणी गेलेलं नाही, सर आणि मॅडमनी येऊन बघायला हरकत नाही. पेन दोरीने बांधलेलं आहे, कारण आधीची तीन गेली.